झाड वाळलंय की वसंत आलाय? वसंताच्या चाहुलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडं बघत फिरतो. आमच्यात वनस्पतिशास्त्र शिकलेलं कुणी नाही. मी स्वतः आयुष्यभर हिशेब लिहिण्याचं काम केलं. पण तीच झाडं वर्षानुवर्षं बघितली की ओळखीची होतात, गल्लीतली माणसं होतात तशी. जानेवारी संपत आला की नवीन येणारे लोक ठरावीक प्रश्न विचारतात आणि मी ठरावीक उत्तरं देतो. चढावर दम लागतो, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत.

वसंत नेमका कधी सुरू होतो?

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने, म्हणजे गुढीपाडव्यापासून पुढे. पण त्याच दिनदर्शिकेत फेब्रुवारीच्या १८-१९ तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरांत ‘सौर वसंत ऋतू प्रारंभ’ असंही छापलेलं सापडेल. ते गणित चंद्राच्या महिन्यांवरून नाही, सूर्याच्या जागेवरून केलेलं असतं. त्याच्याही आधी माघात वसंत पंचमी येऊन गेलेली असते. म्हणजे एका ऋतूच्या तीन तारखा झाल्या.

झाडांचा कौल विचाराल तर देशावर तो दुसऱ्या तारखेच्या बाजूनं पडतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून खुणा स्पष्ट दिसायला लागतात आणि पाडव्यापर्यंत निम्मा तमाशा उरकलेला असतो. पाडव्याला सुट्टी आहे म्हणून पळस बघायला निघालात, तर बहुतेक वर्षी तुम्हाला वाळलेली फुलं आणि चपट्या शेंगा बघून परत यावं लागेल.

वसंत पंचमीला तर चांगलीच थंडी असते. मग नावात वसंत कसा?

ती चाहुलीची पंचमी आहे. माघ शुद्ध पंचमीपासून तिथीनं मोजलं तर होळी पौर्णिमा बरोबर ४० दिवसांवर येते. पंढरपुरात या दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा असतो आणि तिथून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख घालून त्यावर गुलाल उधळतात. थंडी जायला मात्र आपल्याकडे दोन मुक्काम लागतात. महाशिवरात्रीला ती ‘शिव शिव’ करत निघते, आणि उरलीसुरली ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हटल्यावर जाते.

फेब्रुवारीत तर झाडांची पानं गळतात. सगळीकडे पाचोळा. याला वसंत कसं म्हणायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो.

लहानपणी शाळेच्या भिंतीवर ऋतूंचा तक्ता असायचा. त्यात वसंत म्हणजे हिरवी कुरणं आणि फुलपाखरं. ते चित्र बर्फाच्या मुलखातलं होतं. तिथे झाडं थंडीसाठी पानं टाकतात आणि थंडी सरली की पुन्हा धरतात. पानगळ आणि पालवी यांच्यामध्ये तिथे अख्खा हिवाळा असतो.

आपल्याकडची पानगळ पाण्यासाठी असते. पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात थांबला. जमिनीतली ओल हळूहळू खाली गेली, हवा कोरडी झाली. पानांतून सतत पाणी उडत असतं, तेव्हा झाडाला पानं परवडेनाशी होतात. म्हणून शिशिरात ती टाकून द्यायची. गंमत पुढे आहे. पानं गेली की खर्च थांबतो आणि खोडात, खोल मुळांत जे पाणी शिल्लक असतं ते वापरून त्याच उघड्या फांद्यांवर आधी फुलं आणि मग पालवी येते. ऊन रोज वाढतंय, नद्या आटताहेत, आणि झाड मात्र नवीन कपडे शिवायला टाकतंय! बिनपानांच्या फांदीवरचं लाल फूल पक्ष्याला लांबून दिसतं, हा एक फायदा. शिवाय पाने खाणाऱ्या अळ्या-किड्यांची खरी गर्दी पावसाबरोबर होते. तोवर ही पालवी जून आणि चिवट झालेली असते. पहिला पाऊस पडतो तेव्हा झाडाचा कारखाना चालू स्थितीत असतो.

म्हणून आपल्याकडे पाचोळा आणि कळी एकाच फांदीवर, एकाच आठवड्यात दिसतात. पायाखाली शिशिर आणि डोक्यावर वसंत, असा हा मामला.

मग झाड मेलंय की नुसतं निष्पर्ण आहे, हे ओळखायचं कसं?

पेन्सिलीएवढ्या जाडीची एक कोवळी फांदी घ्या आणि नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर ती फांदी गेली, पण झाड गेलं असं लगेच म्हणू नका. दुसरी फांदी बघा. पळसाच्या बाबतीत तर घाईनं निकाल देऊच नये. जानेवारीतला पळस इतका वाकडातिकडा आणि राखाडी दिसतो की त्याला सरपणात धाडायची इच्छा होते. महिन्याभरात तोच पेटतो.

सगळ्यात पहिली खूण कोणती?

माणसागणिक उत्तर वेगळं मिळेल. माझ्या मते पहिली खूण कानाला कळते, आणि ती तांबटाची.

तांबट चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, गुबगुबीत. कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. हिवाळ्यात तो जवळपास गप्प असतो. जानेवारीच्या शेवटी दुपारी जरा ऊन तापलं की कुठूनतरी ‘टुक्... टुक्... टुक्’ सुरू होतं. तांब्याच्या भांड्याला ठोके घालावेत तसा आवाज, म्हणून नाव तांबट. पहिल्या दिवशी दहा-बारा ठोके देऊन थांबतो. फेब्रुवारी सरता सरता मिनिटाला शंभराच्या वर ठोके, तेही थकवा न येता.

दुर्बीण असेल तर एकदा त्याला आवाज काढताना बघाच. शेंड्यावरच्या वाळक्या काटकीवर बसतो. चोच मिटलेली असते. गळ्याचा पिवळा भाग फुगतो, बसतो, फुगतो, बसतो, आणि दर ठोक्याला डोकं थोडं वळतं. त्यामुळे आवाज एकदा इकडून आल्यासारखा वाटतो, एकदा तिकडून. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन पक्षी एकमेकांना उत्तर देताहेत असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. एकच होता.

पळस, पांगारा आणि काटेसावर यांत माझा कायम गोंधळ होतो. फरक काय?

तिघंही निष्पर्ण असताना लाल-केशरी फुलतात, त्यामुळे गाडीतून जाताना सगळ्यांचाच होतो.

पळसाचं फूल केशरी आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ फुलाच्या देठाकडची वाटी काळपट मखमलीची असते. झाडावर निम्म्या कळ्या असताना लांबून बघितलं तर विस्तव आणि कोळसा एकत्र दिसतो तो त्यामुळे. खोड वेडंवाकडं. पान आलं की तीन पर्णिका, म्हणून ‘पळसाला पाने तीनच’.

पांगाऱ्यालाही पर्णिका तीनच असतात. म्हण त्याच्या वाट्याला आली नाही, हे त्याचं दुर्दैव. त्याची फुलं भडक लाल आणि फांदीच्या टोकाला घोसानं येतात. फांद्यांवर बारीक काटे असतात.

काटेसावर सरळसोट उंच, फांद्या खोडापासून आडव्या, मजल्यामजल्यांनी निघाल्यासारख्या. तरुण खोडावर शंकूसारखे जाड काटे. फूल हाताच्या ओंजळीत मावेल एवढं, पाच जाड पाकळ्यांचं, पेल्यासारखं. ते पडतं तेव्हा ‘धप्प’ असा आवाज येतो. इतर फुलं पडल्याचा आवाज येत नाही, हे मला काटेसावरीखाली उभं राहिल्यावर लक्षात आलं.

असं खाली पडलेलं एक फूल उचलून बघा. पाकळी कातड्यासारखी जाड, बाहेरून मऊ लव असलेली. मध्ये पुंकेसरांचे झुबके, टोकांना काळसर परागकोश. पेल्याच्या तळाशी बोट लावलं तर चिकट लागतं. तो मकरंद. त्यात हमखास दोन-चार मुंग्या बुडालेल्या असतात. जंगलात ही पडलेली फुलं चितळ आणि भेकरं येऊन खातात. फुलांचं वाटोळं झाल्यावर उरणारी कळीची वाटी दक्षिणेत वाळवून मसाल्यात घालतात. कन्नडमध्ये या सावरकुळीच्या मसाल्याला ‘मराठी मोग्गु’ म्हणतात. नाव आपलं, आणि आपल्या निम्म्या स्वयंपाकघरांना त्याचा पत्ता नाही.

एकाच दिवशी जास्तीत जास्त पक्षी बघायचे असतील तर कुठे जावं?

लांब कुठे जाऊ नका. फुललेली एक काटेसावर शोधा आणि सकाळी सात ते नऊ तिच्याखाली बसून राहा. मैना, बुलबुल, कावळे, पोपट, कोतवाल, शिंजीर, हळद्या, झालंच तर वानरं आणि खारी. हे सगळं आपण काहीच न करता आपल्यासमोर येतं. थवेच्या थवे भोरड्याही येतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना मध्य आशियाच्या बाजूनं हिवाळ्याला आपल्याकडे येते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघते. जायच्या आधी ती पळस-सावरींवर भरपेट जेवून घेते. तिचं दुसरं नाव पळसमैना, ते काही उगीच नाही.

जंगलात काही झाडांची पानं लालबुंद दिसतात. ती पिकलेली पानं का?

नाही, ती नवीन आहेत. ताम्हिणी, मुळशीच्या बाजूला किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मार्चमध्ये जे झाड लांबून पेटल्यासारखं दिसतं आणि जवळ गेल्यावर फुलांऐवजी पानं निघतात, तो बहुतेक कुसुंब. त्याची पालवी आधी गडद लाल, मग तांबूस, मग पोपटी होत जाते. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य अजून भरलेलं नसतं. लाल द्रव्य तोवर कडक उन्हाला आडोसा करतं, असं मानतात. पिंपळ, आंबा, कडुनिंब यांची पालवीही थोडी-फार तांबडीच. पाडव्याला गुढीला बांधायला कडुनिंबाचा डहाळा आणाल, तेव्हा शेंड्याची पानं बघा.

कुसुंबाची ही झळाळी आठ-दहा दिवसांची असते. एक रविवार चुकला की पुढच्या वर्षी.

आमच्या रस्त्यावर दोन पिंपळ शेजारी आहेत. एक बोडका, एक हिरवागार. एकाला रोग झालाय का?

दोघेही ठणठणीत असणार. वड-पिंपळ-उंबर या घराण्यात प्रत्येक झाडाचं वेळापत्रक स्वतंत्र. त्यामागे एक बारीक किडा आहे. पिंपळाच्या फळात अंडी घालणारी, त्याचं परागीभवन करणारी इवलीशी गांधीलमाशी थोडेच दिवस जगते. एका झाडाच्या फळातून बाहेर पडल्यावर तिला दुसऱ्या झाडावर योग्य अवस्थेतलं फळ लगेच मिळावं लागतं. सगळे पिंपळ एकाच दिवशी चालले असते तर तिचा वंश बुडाला असता, आणि पाठोपाठ पिंपळाचाही.

कोकिळा गाते ती कोणासाठी?

गातो तो कोकिळ, म्हणजे नर. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा घाबरल्यासारखा. आपल्या कवितांनी गाण्याचं श्रेय पिढ्यान्‌पिढ्या भलतीकडे दिलं आहे.

हिवाळ्यात कोकिळ कुठे जात नाही, आपल्याच वस्तीतल्या वडा-पिंपळावर फळं खात बसलेला असतो. फेब्रुवारीत घसा साफ केल्यासारखे अर्धवट सूर निघतात. मार्चमध्ये ‘कुहू’ पूर्ण लागतो आणि मग एकाची पट्टी संपते तिथून दुसरा वर चढतो. सगळी तयारी कावळ्यांच्या भरवशावर. अंडी त्यांच्याच घरट्यात घालायची असतात, आणि कावळ्यांची काड्या जमवायची लगबग उन्हाळ्यात सुरू होते.

आणखी कोणते पक्षी बदलतात?

शिंजिराचा नर बघा. हिवाळ्यात तो मादीसारखाच मळकट पिवळा दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ. जानेवारी-फेब्रुवारीत चट्ट्यापट्ट्यांनी जांभळा-काळा व्हायला लागतो. मधल्या दिवसांत त्याचा अवतार अर्धवट रंग दिलेल्या भिंतीसारखा असतो. महिन्याभरात उन्हात चमकणारा जांभळा नग तयार. दयाळ मात्र रूप बदलत नाही. थंडीभर नुसता ‘च्यर्र’ करणारा हा पक्षी मार्चमध्ये पहाटे टीव्हीच्या अँटेनावर बसून असा गातो की चहा निवतो.

उलट, काही खुणा नसण्याच्या असतात. गच्चीवर शेपटी हलवत फिरणारा धोबी एक दिवस दिसेनासा होतो. तो उत्तरेला गेला.

आंब्याचा मोहोर वसंताची खूण धरायची का?

कवितेत धरा. कोकणातला बागायतदार धरणार नाही, कारण त्याच्या हापूसचा मोहोर थंडीबरोबर, चांगल्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच फुटायला लागतो. मोहोरापासून फळ उतरेपर्यंत चार महिन्यांच्या आसपास जातात. तेव्हा वसंतात बागायतदाराचं लक्ष फळावर असतं: आज वाटाण्याएवढं, मग गोटीएवढं, मग सुपारीएवढं. त्यात ढगाळ हवा आली की तुडतुडे आणि भुरी, म्हणजे त्याच्या दृष्टीनं वसंत हा पंपानं फवारण्याचा ऋतू. एका तुऱ्यात शेकडो फुलं असतात आणि बऱ्याच तुऱ्यांना एकही फळ धरत नाही. मोहोर बघून कैऱ्या मोजू नयेत, ते यासाठी.

देशावरच्या रायवळ आंब्यांना मात्र जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर भरतो आणि संध्याकाळी त्याचा तो गोड-तुरट वास गल्लीभर सुटतो. तो वास ही खूण मी मोजतो.

कोकणात आणि विदर्भात याच खुणा दिसतात का?

काही याच, काही त्यांच्या त्यांच्या.

दक्षिण कोकणात विचाराल तर सुरंगी. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांदीच्या जुन्या लाकडावरच हिच्या गोल कळ्या लगडतात. वेंगुर्ल्याकडे त्या उमलायच्या आत, सकाळी लवकर काढतात. उमललेल्या फुलात पांढऱ्या पाकळ्यांमध्ये पिवळ्या केसरांचा गोंडा, आणि वास असा की एसटीत एका बाईच्या केसांत वळेसर असला तर मागच्या बाकापर्यंत कळतं. गोव्यातही सुरंगांचे गजरे याच दिवसांत. वास सुकल्यावरही टिकतो, हे तिचं विशेष. माझ्या आईच्या ट्रंकेत मला एकदा काथ्याच्या दोरीसारखं काहीतरी सापडलं. वास घेतल्यावर कळलं, सुरंगी. त्याच सुमाराला काजूची बोंडं रंगायला लागतात आणि करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी सुवासिक फुलं येतात.

विदर्भात पळसाचा थाट वेगळाच. यवतमाळ-वर्ध्याकडे एखाददुसरं झाड नाही, रानंच्या रानं पेटतात. आणि मार्च-एप्रिलात मोह. त्याची मांसल, फिकट पिवळी फुलं पहाटे टपाटप गळतात. गडचिरोलीत, मेळघाटात लोक उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, कारण अस्वलालाही ती फुलं तितकीच आवडतात.

मराठवाड्यात शेतं बघा. हुरडा संपला, ज्वारी काढणीला आली, हरभऱ्याचे घाटे वाळले, म्हणजे ऋतू पालटला.

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली झाडं नाहीत. गॅलरीतून काही कळेल का?

भरपूर. कुंडीतला कढीपत्ता थंडीत पिवळा पडून बसलेला असतो, त्याला फेब्रुवारीत एकदम तकतकीत कोंब फुटतात. मोगऱ्याची पानं ताजी होतात आणि मार्चमध्ये कळ्या. गॅलरीत सकाळचं ऊन डिसेंबरात जिथे पडायचं तिथून सरकलेलं असतं. फरशीवर खडूनं दर रविवारी आठ वाजता रेघ मारत गेलात तर सूर्य उत्तरेकडे किती निघाला ते दिसेल. बाजारातल्या खुणाही धरा: फूलवालीकडे शेवंती कमी होते आणि मोगरा येतो, भाजीवाल्याकडे मटार महागतो आणि पहिली कैरी येते. चैत्रागौरीच्या डाळीची आणि पन्ह्याची सोय निसर्ग वेळेवर करतो.

गिरिपुष्प आणि टॅबेबुया परदेशी झाडं आहेत. ती खुणांत धरायची का?

यावर आमच्या गटात दोन तट आहेत. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेलं गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, आणि विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गालगत फुलणारा गुलाबी टॅबेबुया, दोन्ही मूळ मध्य अमेरिकेकडची. दोन्ही जानेवारी ते मार्चमध्ये फुलतात आणि फोटोंत सगळ्यात जास्त तीच असतात. माझं मत असं, की झाड बाहेरचं असलं तरी ते इथलीच हवा आणि इथलाच ओलावा बघून फुलतं, तेव्हा नोंद जरूर करावी. पण नवीन झाड लावायची वेळ आली तर खड्ड्यात पांगारा किंवा पळस जावा.

पहाटे स्वेटर, दुपारी पंखा. हेही वसंताचंच लक्षण का?

हो, देशावर तरी. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यानं जमीन दिवसा पटकन तापते आणि रात्री पटकन निवते. पुण्यात फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे १३-१४ अंश आणि दुपारी ३३-३४ हे नेहमीचं. मुंबईत समुद्र हा फरक कमी करतो. मात्र ज्या दिवशी जमिनीकडून पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्राचा गार वारा यायला उशीर होतो, त्या दिवशी तिथेही दुपार भाजून काढते.

हल्ली वसंत लवकर येतो का?

आपल्या आठवणीवर विसंबून ‘हो’ म्हणणं सोपं आहे. पण मागच्या वर्षी पळस कधी फुलला ते कुणालाच सांगता येत नाही, हा माझा अनुभव. एकट्यादुकट्या वर्षावरून काही ठरतही नाही. तापमानाची नोंद मात्र आहे: २०२३ च्या फेब्रुवारीत देशातलं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या फेब्रुवारींत सर्वाधिक होतं.

झाडांच्या नोंदी जिथे पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या तिथे उत्तर ठामपणे देता येतं. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा बाराशे वर्षांपासूनच्या मिळतात आणि अलीकडच्या दशकांत बहर लवकर येऊ लागल्याचं त्यांतून दिसतं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम या जमीनदारानं १७३६ साली वसंताच्या २७ खुणा लिहायला सुरुवात केली: पहिलं फूल, पहिलं पान, बेडकाचा पहिला आवाज. त्याच्या घराण्यानं ती वही १९५८ पर्यंत चालवली. आपल्याकडे जमाखर्चाच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, झाडांच्या कुणी ठेवल्या नाहीत. हिशेबनीस म्हणून मला हे जरा लागतं.

मग नोंद कशी ठेवायची?

एक झाड निवडा. रोजच्या वाटेवरचं, म्हणजे मुद्दाम जावं लागणार नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, चार गोष्टी लिहा: जुनी पानं, कोवळी पानं, कळ्या-फुलं, फळं. प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडं’, ‘खूप’ एवढंच. एकाच जागेवरून फोटो. दोन मिनिटांचं काम आहे. सीझनवॉच नावाच्या देशव्यापी उपक्रमात अशीच आठवड्याची नोंद घेतात आणि तिथे आपली नोंदही देता येते.

लोक पहिल्या उत्साहात वीस झाडं निवडतात आणि तिसऱ्या आठवड्यात वही बंद होते. एकच निवडा. आणि ‘काही बदल नाही’ हेही लिहा. माझ्या वहीत एका पळसापुढे सलग पाच रविवार ‘काही नाही’ आहे, सहाव्या रविवारी ‘कळ्या, मुगाएवढ्या, काळ्या’, आणि आठव्या रविवारी नुसतं ‘अरे वा’.

आम्ही परदेशात आहोत. तिथे काय बघायचं?

न्यू जर्सीकडे असाल तर बर्फातून वर येणारे क्रोकस, मग फोरसिथियाची पिवळी झुडपं. दलदलीजवळ गेलात तर स्कंक कॅबेज शोधा. ही वनस्पती स्वतः उष्णता निर्माण करून भोवतीचा बर्फ वितळवते. इंग्लंडात जानेवारी-फेब्रुवारीत स्नोड्रॉप. सिडनी-मेलबर्नवाल्यांचं सगळं उलटं: तिथे वसंत १ सप्टेंबरला सुरू होतो आणि वॅटलची पिवळी फुलं असतात. म्हणजे त्यांच्याकडे गणपती वसंतात येतात.

पळसाच्या फुलांचा रंग घरी करता येतो का?

येतो. खाली पडलेलीच फुलं गोळा करा, झाडावरची पक्ष्यांना लागतात. सावलीत वाळवा. रंगपंचमीच्या आदल्या रात्री गरम पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा. पिवळा-केशरी रंग मिळतो. काही जण चिमूटभर चुना टाकून तो गडद करतात, पण डोळ्यांत गेला तर वाईट म्हणून मी टाकत नाही. दुकानातल्या रंगाएवढा भडक होईल ही आशा सोडा. अंगावरून दोन दिवसांत जातो.

झाडं बोडकीच आहेत, तर याच वेळी छाटणी करून घ्यावी का?

कृपा करून नको. हीच वेळ पालवीची, कळ्यांची आणि घरट्यांची. आमच्याच सोसायटीत दोन वर्षांपूर्वी एका रविवारी गाड्यांवर पाचोळा पडतो म्हणून शेवग्याची एक वाळकी फांदी उतरवली. मी खाली गेलो तेव्हा ती फांदी तुकडे करून रचलेली होती, आणि एका तुकड्यात रुपयाच्या नाण्याएवढं गोल, कोरून काढल्यासारखं भोक. तांबटाचं घर. नर समोरच्या तारेवर बसून होता, आवाज न करता. सभेत विषय काढला तर ‘वाळकीच तर होती’ असं उत्तर मिळालं. तांबटाला वाळकीच लागते, हिरव्या लाकडात त्याची चोच चालत नाही. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते, हेही सभेत सांगून ठेवा. वाळक्या फांदीखाली गाडी लावली नाही की निम्मे प्रश्न सुटतात.

या दिवसांत शिंका फार येतात. फुलांमुळे का?

मोठ्या, रंगीत फुलांमुळे सहसा नाही. त्यांचे पराग जड आणि चिकट असतात, ते पक्ष्या-किड्यांच्या अंगाला लागून जातात. संशय वाऱ्यावर पराग सोडणाऱ्यांवर घ्या. वावळाची फुलं फेब्रुवारीत येतात, नजरेतही भरत नाहीत, पण पराग भरपूर. त्रास वाढला तर डॉक्टरांना दाखवा. वावळाच्या चकत्या मार्च-एप्रिलात उडतात, त्यांतलं बी सोलून खाणं हा आमच्या लहानपणीचा उद्योग होता.

कोकिळ पहाटे साडेचारला सुरू होतो. झोपमोड होते. काही उपाय?

खिडकी लावून घ्या. जुलैपर्यंत.